चौदा टाक्यांचा गुडघा

चौथ्या किलोमीटरच्या दगडापाशी राळेगावची गाडी मागून आली. ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि कंडक्टरनं दारातून मान बाहेर काढली. सत्यभामामावशीनं हात केला नाही. ती दगडावर टेकली होती, उजवा पाय समोर सरळ लांब करून, आणि पदरानं तोंड पुसत होती.

"बसता का मावशी?" कंडक्टर म्हणाला.

"तुह्या गाडीत बसली तं मी हरली," ती म्हणाली. "जा तू. तुले उशीर होते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघी तोंडाला पदर लावून होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निम्मी वेचलेली कापसाची पऱ्हाटी उभी होती. मी थैलीतून पाण्याची बाटली काढून दिली. दोन घोट घेऊन तिनं ती परत केली.

"किती राह्यलं?"

"सात."

"मंग चाल. बसून राह्यली का वाटी आखडते."

वाटी म्हणजे गुडघ्याची वाटी. आमच्या पिंपळधऱ्यात म्हाताऱ्या बाया गुडघा दुखतो असं म्हणत नाहीत, वाटी दुखते म्हणतात. मावशी मात्र दोन्हींतला फरक सांगते, बोट ठेवून सांगते. हा फरक ती कुठं शिकली आणि तिला काय मोजावं लागलं, त्याचीच ही हकीकत आहे.

ती चालत होती ती एका माणसासाठी. गावात अंगणवाडीच्या समोर नंदकिशोर डॉक्टरचा दवाखाना आहे. डॉक्टर आपलं म्हणायचं. तो आधी दुसऱ्या गावी कोणाकडे कंपाउंडर होता, मग इथं येऊन त्यानं हिरव्या अक्षरांचा बोर्ड लावला. सव्वा वर्षापूर्वी त्यानं दहा बायांच्या देखत मावशीला म्हटलं होतं, "मावशे, आता तुले राळेगाव दिसन तं गाडीच्या खिडकीतूनच. पायी जाऊन दाखव. त्या दिवशी मी माहा बोर्ड उतरवतो."

बाया हसल्या. तोही हसला. मावशी हसली नाही. ती माझ्याकडे वळली. "रजनी, तू ऐकलं ना?"

मी अंगणवाडीत सेविका आहे. दारातच उभी होते. ऐकलं होतं, म्हणून हो म्हटलं. तेव्हापासून मी तिची साक्षीदार.

मावशीला शेत नाही. नवरा वारल्याला पंधरा वर्षं झाली, एक मुलगी आर्णीला दिली आहे. मावशीची ओळख म्हणजे तिची टोळी. बारा बायांची निंदणाची टोळी आणि ती तिची म्होरकी. टोळी निंदण गुत्त्यानं घेते. गुत्ता म्हणजे अख्खं शेत बारा जणींनी मिळून उरकायचं, मग घरी जायचं. एकजण मागं पडली की तिची ओळ बाकीच्यांना ओढावी लागते. त्यामुळे मागं पडणारीला कोणी मारत नाही, पण बोलतात. "काय वं, घरून पाट आणू का बसाले?" "तुही वाटी माहेरी गेली का?" असं. दिवसभर उकिडवं बसून, विळा चालवत, बदकासारखं पुढं सरकायचं. सकाळी आठला बसलेली बाई भाकरीपुरतीच उभी राहते.

मावशी टोळीत होती ती वर्षं कापसाची वाईट होती. गावात जीपगाड्या यायच्या, साहेब लोक, पेपरवाले यायचे. ज्या घरात माणूस गेला त्या घरी जायचे, वहीत लिहून घ्यायचे. लिहावं तेवढं थोडंच होतं, त्यांची चूक नाही. पण निंदणाऱ्या बाईला कोणी विचारलं नाही की तुझे पाय कसे आहेत. बियाणं दोनदा पेरावं लागायचं, तण दुप्पट यायचं आणि पुढच्या आठवड्यात काम असेल की नाही ते कोणाला ठाऊक नसायचं. मिळालेला दिवस कोणी सोडत नव्हतं.

नंदकिशोरचा दवाखाना त्यावरच चालला. संध्याकाळी टोळी परत आली की सगळ्या मिळून त्याच्या बाकावर बसायच्या, बांगड्या भरायला बसाव्या तशा. दुखतं म्हटलं की सुई. दुसऱ्या दिवशी पाय मोकळा आणि बाई परत शेतात. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं आम्ही सगळ्याच धरून चालत होतो. मीही.

"कोणी नेलं बायांले त्याच्याकडे?" पाचव्या किलोमीटरला मावशी एकदम म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. "मीच. चंदाबाईले नेलं, तिच्या जावेले नेलं. माही ओळ मागं पडू नये म्हणून. मीच म्हणे, डॉक्टर, हिले एक टोच. जसं बैलाच्या नाकात वेसण घालाले नेते."

"तुम्हाला कुठं माहीत होतं, मावशी."

"माहीत नव्हतं, म्हणून त्याच्यावर जास्त राग हाये. त्याले माहीत होतं."

तिचं स्वतःचं दुखणं सीतादहीच्या दिवशी उघडं पडलं. कापूस फुटला की वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या बुडाशी सात खडे मांडायचे, हळदीकुंकू लावायचं, दहीभाताचा निवद ठेवायचा, मग पहिलं बोंड वेचायचं. मान म्होरकीचा. मावशी उकिडवी बसली, सगळं यथासांग केलं आणि उठायला गेली तर उठता येईना. दोन्ही हात जमिनीला टेकून ती तशीच राहिली.

"सीतामाईनं धरून ठेवली वं हिले," चंदाबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"मले तेव्हाच समजाले पाह्यजे होतं," मावशी चालता चालता सांगत होती. "दोन महिने झाल्ते. घराची पायरी उतरली का वाटीच्या मागे चमक. मुलीकडे आर्णीले गेली, गाडीत दोन तास बसून उठली तं पाय सरळ व्हाले तयार नाई. मांडीवर हात ठेवून उठली का आत जात्यासारखं करकर. दुखते कुठे, तं बोट ठेवता येईन असं, समोर, वाटीच्या कडेकडेनं. हे साधं दुखणं असते, रजनी. बसणं कमी केलं, मांडीत ताकद आणली, तं जाते. मले कोणी सांगतलं असतं तं मी महिनाभर उकिडवी बसली नसती. एवढंच."

कोणी सांगितलं नाही. ती नंदकिशोरकडे गेली. आधी त्यानं कमरेत सुया दिल्या. आराम पडला, तिनं आणखी दाबून काम केलं. मग तो म्हणाला, वाटीतच देतो, वर्षभर पाहायला नको. तशा तीन दिल्या. तिसरी दिली तेव्हा त्यानं सुई तोंडानं फुंकली होती, हे तिनं मला कितीदा तरी सांगितलंय.

तिसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाला. लाल, आणि हात ठेवला तर तव्यासारखा. अंगात थंडी भरून ताप. पाय टेकवेना. हे दुखणं आधीच्यासारखं नव्हतं, तिला ते कळत होतं, पण ती त्याच्याकडेच गेली. त्यानं वरून आणखी एक सुई दिली आणि म्हणाला, "वय झालं मावशी, वाटी झिजली." आणखी चार दिवस गेले. शेवटी चंदाबाईनं बैलगाडीत घालून तिला स्टॉपवर आणलं आणि गाडीनं यवतमाळला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुडघा उघडून पू धुऊन काढला. तेवीस दिवस ती तिथं होती. चौदा टाके. पाय वाचला, पण आधीसारखा वाकत नाही. उकिडवं बसणं संपलं, म्हणजे निंदण संपलं, म्हणजे टोळी संपली. आता म्होरकी चंदाबाई आहे. मावशी कोणाच्या तरी ओसरीवर खुर्चीत बसून शेंगा फोडते, तूर निवडते.

यवतमाळच्या दवाखान्यात व्यायाम शिकवायला शाल्मली नावाची मॅडम होती, तरणीच. मावशी तिला सोडायची नाही. हे काहून दुखते, ते काहून सुजते, आन हे मले आधी कसं समजलं असतं. मॅडमनं तिच्या हातावर पेनानं वाटी काढून दाखवली, मांडीचा स्नायू काढून दाखवला. मावशी शाळेत चौथीपर्यंत गेली, पण ऐकलेलं विसरत नाही. ती बरी व्हायला शिकत होती असं मॅडमला वाटलं असेल. मला विचाराल तर ती हत्यार घासत होती.

गावात आल्यावर तिनं अंगणवाडीच्या दारात खुर्ची मागितली. मी दिली. रोज संध्याकाळी टोळी यायच्या वेळेला ती तिथं बसायची, बरोबर त्याच्या दवाखान्यासमोर, उजव्या पायाचं लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन. टाके सगळ्यांना दिसतील असे. कोणी लंगडत त्याच्या पायरीकडे वळली की हिची हाक.

"ए बाई, इकडे ये. बोट ठेव कुठे दुखते."

बाई लाजत यायची. मग हिचे प्रश्न. पायरी चढताना दुखते का उतरताना? उकिडवं बसून उठताना? पडली होती का? मग स्वतःच्या हाताची पाठ तिच्या दोन्ही गुडघ्यांवर फिरवायची, एक गरम आहे का पाहायला. लाल, गरम, सुजलेला, अंगात ताप, पाय टेकत नाही, मधेच अटकतो, नाहीतर चालता चालता दगा देतो, यातलं काही असलं की ती सरळ म्हणायची, "आज यवतमाळ. उद्या नाई." नसलं तर म्हणायची, "पंधरा दिवस उकिडवी बसू नको. टॉवेलची घडी गुडघ्याखाली ठेव, मांडी आवळ, दहा मोज. थंड पाण्याचं फडकं ठेव. दुखणं गेलं नाई तं सरकारी दवाखान्यात जाजो." आणि शेवटी, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, "सुई घेशीन तं हे पाह्य." टाक्यांवर बोट.

मी त्याच्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज लिहून आणला होता, सगळ्यांनी अंगठे द्यावेत म्हणून. कोणी दिले नाहीत. उद्याचं काम सुईवर होतं. बाया तिचं ऐकायच्या आणि चार जणी तरी त्याच्याकडेही जायच्या. पण बाकावरची गर्दी कमी झाली. त्यावरूनच एके दिवशी त्याचं डोकं फिरलं आणि तो ते बोर्डाचं बोलून बसला.

मी तिला एकदा म्हटलं होतं, मावशी, देवावर सोडा, तो बघून घेईल. मी गुरुवार करते, मला तसंच सुचतं. ती म्हणाली, "देवानंच पाय वाचवला. कायले वाचवला असन, सांग बरं."

मग सव्वा वर्ष ती चालायला शिकत होती. आधी हापशीपर्यंत, मग मारुतीच्या देवळापर्यंत, मग नाल्यापर्यंत. दुखलं की दोन दिवस थांबायची. हट्टी होती, पण आडदांड नव्हती. शाल्मली मॅडमनं सांगितल्यापेक्षा एक पाऊल जास्त टाकलं नाही.

आठव्या किलोमीटरला उतार लागतो. चढापेक्षा तिला उताराची धास्ती. तिनं माझा खांदा धरला आणि आडवी होऊन, एक पाऊल, मग दुसरं, असं खेकड्यासारखं उतरली. दात आवळलेले होते. खाली आल्यावर ती म्हणाली, "सकाळी विमलले पाह्यलं का तू?"

विमलताई म्हणजे नंदकिशोरची बायको. सकाळी आम्ही निघालो तेव्हा ती दवाखान्याच्या दारात चौकट धरून उभी होती. मला त्यात काही दिसलं नव्हतं.

"उभी होती," मी म्हटलं.

"एका पायावर," मावशी म्हणाली आणि पुढं चालू लागली.

साडेबाराला आम्ही राळेगावच्या स्टँडवर पोचलो. तिनं पाय लांब करून बाकावर बसून चहा घेतला, बशीतून, सावकाश. माझे डोळे भरून आले होते. तिचे नाही. "गाडी किती वाजता?" एवढंच तिनं विचारलं. परत जायचं गाडीनं, असं तिनं आधीच ठरवलं होतं. "जाचं बोलला होता. वापस याचं नाई."

चारच्या आत आम्ही गावात उतरलो. चंदाबाईनं बाया जमवल्या होत्या. मावशी दवाखान्यासमोर रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"डॉक्टर, बोर्ड काढ."

नंदकिशोर बाहेर आला. "कोणं पाह्यलं तुले चालताना?"

"मी," मी म्हटलं. "अकरा किलोमीटर. कंडक्टरलाही विचारा."

"तू तं तिचीच." तो बायांकडे पाहून हसला. "गाडीतून उतरून राह्यली अन् मले सांगते पायी गेली. मावशे, मजाक होता तो. घरी जा, पाय शेकून घे."

आणि बाया, त्याच बाया, त्यातल्या दोघी हसल्या. मला तो क्षण अजून विसरता येत नाही. मावशीचा चेहरा पांढरा पडला होता, अकरा किलोमीटरनं पडला नव्हता इतका.

तेवढ्यात विमलताई आतून कळशी घेऊन आली. पायरीशी थांबली, भिंतीला हात लावला आणि आडवी होऊन उतरली. खेकड्यासारखी. मावशीनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

"विमल, बोट ठेव कुठे दुखते," मावशी रस्त्यातूनच म्हणाली.

"आत जा," नंदकिशोर बायकोला म्हणाला.

विमलताई गेली नाही. तिनं कळशी खाली ठेवली आणि लुगड्यावरूनच डाव्या वाटीवर बोट ठेवलं.

"गरम हाये?"

मावशी दोन पावलं पुढं गेली, वाकता येत नव्हतं म्हणून तिनं चंदाबाईला खुणावलं. चंदाबाईनं हाताची पाठ लावली आणि चटका बसावा तशी काढून घेतली.

"सुई देल्ली यानं? वाटीत?"

"दोन," विमलताई म्हणाली. "सकाळपासून थंडी वाजून राह्यली."

"मंग दुसऱ्याकडे काहून नाई गेली, बाप्पा?" चंदाबाई म्हणाली.

विमलताईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचीच बायको दुसऱ्याच्या दवाखान्यात गेली तर बोर्डाचं काय राहिलं असतं. हे सगळ्यांना एकदमच कळलं. आता कोणी हसलं नाही.

"नंदकिशोर," मावशी म्हणाली. पहिल्यांदाच तिनं त्याला डॉक्टर म्हटलं नाही. "माह्या पायात चार दिवस घालवले तू. हिच्या पायात एक घंटाही नको घालवू. पाच वाजता गाडी हाये. यवतमाळले जाय. मोठ्या डॉक्टरले सांगजो का सुई कोणं देल्ली. तुह्या तोंडानं सांगजो."

तो आत गेला, पिशवी घेऊन आला आणि दाराला कुलूप लावलं. स्टॉपपर्यंत विमलताईला त्याच्या खांद्याचा आधार होता आणि बारा बाया मागं होत्या. गाडी येईपर्यंत कोणी हललं नाही. मावशी तर खुर्ची मागवून बसली, त्याला चढताना नीट पाहता यावं म्हणून.

विमलताईचा गुडघा वाचला. वेळेत गेली म्हणून सुईनं पू काढून आणि औषधांवर भागलं, चिरावं लागलं नाही. नवव्या दिवशी ती दोघं परत आली. विमलताई थेट मावशीच्या घरी गेली आणि पाया पडू लागली. मावशीनं पाय मागं घेतले. "तुह्यासाठी बोलली मी. त्याच्यासाठी निरोप नेऊ नको, माही काही माफीबिफी नाई."

दहाव्या दिवशी दवाखान्याचं कुलूप निघालं. बोर्ड तिथंच होता. बाकावर दोन माणसं बसलेली होती, बाहेरगावची.

त्या दुपारी मी अंगणवाडीच्या बाहेरच्या भिंतीला रंग देत होते. तिच्यावर आंबा, घोडा, बदक अशी चित्रं काढायची होती. मावशी आली, खुर्ची ओढली, बसली आणि बराच वेळ समोरच्या बोर्डाकडे पाहत राहिली.

"घोडा झाला?" तिनं विचारलं.

"झाला. बदक राहिलंय."

"बदक राहू दे." तिनं लुगडं वर घेतलं आणि पाय माझ्यासमोर सरळ केला. "माहा गुडघा काढ तिथं. मोठा. त्यानं दार उघडलं का समोर दिसला पाह्यजे. एका बाजूनं लिव, का पायरी उतरताना, उकिडवं बसताना दुखते तं काय कराचं. दुसऱ्या बाजूनं लाल रंगात लिव, का गरम, सुजला, ताप आला, पाय टेकत नाई, तं त्याच दिवशी कुठे जाचं. त्याचं नाव टाकू नको. खाली माहं टाक, सत्यभामा, पुरं. आन टाके मोजून काढजो, रजनी. चवदा हायेत. एकही कमी नको."